नानांचा फोन: खताच्या टाकीतून पंपघरात

१८ जुलै २०२५

सकाळी दुकान उघडायला आणि नाना, म्हणजे माझे काका, यायला एकच गाठ पडली. हातात दुधाची प्लास्टिक पिशवी, पिशवीत अर्धा किलो दादर (आमच्याकडची ज्वारी) आणि दादरात गाडलेला फोन. रात्रपाळीची लाईट (शेतीपंपाची वीज काही आठवडे रात्रीच येते) असताना केळीला ड्रिपमधून खत सोडत होते. टाकीत वाकून काठीने ढवळत असताना वरच्या खिशातला फोन सरळ आत गेला. दोनशे लिटरची टाकी, त्यात युरिया आणि पांढरा पोटॅश कालवलेला. ही परवाची गोष्ट.

"दोन मिनिटमा काढा रे. चालू करी दखा, लाईट लागनी, मंग बंद पडना."

म्हणजे करायला नको ती प्रत्येक गोष्ट झालेली. काढल्याबरोबर बटण दाबलं, घरी येऊन चार्जरला लावला, मग काकूंनी दादरात दाबून ठेवला. तांदूळ नाही म्हणून दादर. आमच्याकडे कोठीत तांदूळ असतो कुठे? पण तांदूळ असता तरी फरक पडला नसता. फोनच्या पोटातलं पाणी बाहेर बसलेलं धान्य ओढून घेत नाही, उलट चार्जिंगच्या भोकात भुसा जातो. २०२४ च्या जानेवारीत अ‍ॅपलनेही ओला फोन तांदळाच्या पिशवीत ठेवू नका म्हणून सांगितलं होतं. नानांच्या चार्जिंगच्या भोकातून मी टाचणीने दादरचं कूस काढलं.

मी मोबाईलवाला नाही. जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा गावात पंपाच्या मोटारी भरतो, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळतो. पण बुडालेल्या मोटारी वीस वर्षं बघतोय. अनेरला पूर आला की गाळ भरलेल्या मोटारी रांगेने येतात, आणि त्यांचा नियम एकच: आधी धुवा, मग वाळवा. गाळासकट भट्टीत टाकली की गाळ कॉइलवर भाजून बसतो आणि मेगरचा (तारेवरचं इन्सुलेशन मोजायच्या मीटरचा) काटा कधीच वर येत नाही. फोनला दुसरा नियम का असेल? नुसतं पाणी वाळून जातं, पाण्यात विरघळलेलं मात्र मागे राहतं.

नानांना फोन इतका का हवा ते विचारलं. फोन गेला तर गेला, पण त्यात केळीच्या वजनकाट्याच्या चिठ्ठ्यांचे फोटो आहेत. मे-जूनमध्ये माल गेला, व्यापाऱ्याकडून अजून पुरते पैसे आलेले नाहीत. चिठ्ठ्या त्या गरम करून छापतात तसल्या कागदावरच्या, ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये ठेवलेल्या. उन्हाने त्यातल्या निम्म्या काळ्या पडल्या, उरलेल्या कोऱ्या.

आज एवढंच केलं: मागचं झाकण ड्रायरने कोमट करून जुन्या सिमकार्डाने कडेकडेने उचकटलं, स्क्रू काढले, बॅटरीचा सॉकेट सोडवला. हे परवा रात्री टाकीजवळच करायला हवं होतं. सिमच्या खाचेतली पांढरी टिकली गुलाबी-लाल झालेली. ती पाणी लागलं की रंग बदलते. बॅटरीच्या सॉकेटवर हिरवट-निळा थर.

तो थर म्हणजे विरघळलेलं तांबं. ओल्या बोर्डावर बॅटरी जोडलेली असली की पॉझिटिव्ह बाजूचं तांबं सुटतं आणि शेजारी जाऊन बसतं. दागिन्यावर विजेने मुलामा चढवतात त्यातलीच गोष्ट, फक्त नको तिथे. दोन दिवस दादरात ठेवलेला फोन आतून दोन दिवस हेच करत होता.

१९ जुलै

खताचं पाणी साध्या पाण्यापेक्षा किती वाईट, ते बघायची खोड गप्प बसू देईना. नानांकडून टाकीचं पाणी बाटलीत मागवलं. मीटरच्या दोन काड्या बोटभर अंतरावर धरून तीन वाट्यांत बुडवल्या. टाकीच्या पाण्यात रोध काही हजार ओहम, आमच्या बोअरच्या पाण्यात त्याहून जास्त, आणि बॅटरीत टाकायच्या डिस्टिल्ड पाण्यात लाखांच्या घरात. मीटरचा आकडा स्थिर राहत नाही, काड्यांवर बुडबुडे येतात की सरकतो, त्यामुळे हे माप नव्हे, अंदाज. पण अंदाज पुरेसा आहे. युरियाचा यात फारसा दोष नाही, तो पाण्यात विरघळला तरी वीज फारशी वाहून नेत नाही. पोटॅश नेतो, कारण तो मिठाचाच भाऊ, पोटॅशियम क्लोराइड. क्लोराइड धातू खातं हे मी ड्रिपच्या व्हेंच्युरीजवळच्या (खत ओढून घेणारी नळी) लोखंडी नट-बोल्टांची दशा बघून सांगू शकतो.

मग धुणं. बोर्ड पूर्ण सुटा केला. डिस्प्ले, कॅमेरे, स्पीकर, बॅटरी सगळं बाजूला, फक्त हिरवी पाटी हातात. वरची पत्र्याची झाकणं उचलली (एक वाकलं). बॅटरीच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन आणला. स्टीलच्या वाटीत बोर्ड बुडवून दहा मिनिटं, पाणी फेकलं, पुन्हा नवं, असं चार वेळा. मऊ ब्रशने हिरवा थर घासला. नाना समोर बसून बघत होते. पाण्यात पडून बिघडलेला फोन पुतण्या पुन्हा पाण्यात घालतो, हे त्यांना अजिबात पटलं नाही. पटवायला मी चौथ्या धुण्याचं पाणी मीटरने मोजून दाखवलं. पहिल्या वाटीपेक्षा कितीतरी पटींनी चांगलं. नाना म्हणाले, मोटारीसारखं झालं की. तेच तर.

शेवटी शेजारच्या गाळ्यातल्या मोबाईल दुरुस्तीवाल्या पोराकडून आयपीए आणलं. ते स्पिरिट पाण्यात मिसळतं, चिपांच्या पोटाखाली अडकलेलं पाणी बाहेर ओढतं आणि स्वतः उडून जातं. पेटतंही तितक्याच चटकन, म्हणून पंखा लावला आणि ड्रायर लांब ठेवला.

२० जुलै

वाळवण. माझी वार्निशची भट्टी शंभरच्या वर जाते, ती नको. खोक्यात साठ वॅटचा बल्ब आणि थर्मामीटर. पन्नासच्या आसपास ठेवलं. दिवसभर.

२२ जुलै

काल पाऊस होता, गिऱ्हाईक नव्हतं, तरी हात लावला नाही. घाई करायची नाही असं ठरवलं होतं.

आज शेजारच्या पोराच्या डीसी मशीनवर बोर्ड लावला. बॅटरीच्या जागी ३.८ व्होल्ट. बटण न दाबता करंट शून्य हवा. काटा दोन अँपियरला जाऊन आपटला.

"भाऊ, फुल शॉर्ट शे," पोरगा म्हणाला. त्याचं मत: भंगारात द्या, नाहीतर जळगावला दाखवा. जळगावच्या एका दुकानात फोन करून विचारलं. उत्तर: बोर्ड गेला, पण मेमरीची चिप काढून त्यातले फोटो काढून देऊ, तीन हजार. ऐकायला सोपं वाटतं, पण आताच्या अँड्रॉइड फोनमध्ये साठवण कुलूपबंद असते आणि कुलपाची किल्ली प्रोसेसरमध्ये, शिवाय पिनशी बांधलेली. नुसती मेमरी उचलून वाचली तर हाती येतो कचरा. फोटो हवे असतील तर हाच बोर्ड, याच प्रोसेसरसह, एकदा तरी चालू झाला पाहिजे. म्हणून जळगाव रद्द.

२३ जुलै

आजचा दिवस लक्षात राहील.

शॉर्ट शोधायची पोराची पद्धत अशी: व्होल्टेज एकवर आणायचं, करंट एक-दीड अँपियरपर्यंत जाऊ द्यायचा. जिथे शॉर्ट आहे तो भाग गरम होणार. बोटाने कळत नाही, कारण हे कपॅसिटर खसखशीएवढे. म्हणून बोर्डभर आयपीएचा हात मारायचा आणि बघत बसायचं. जो डाग सगळ्यात आधी वाळेल तो चोर.

पहिल्यांदा दोघांनाही दिसलं नाही, मी पंखा बंद करायला विसरलो होतो. दुसऱ्यांदा चार्जिंगच्या आयसीजवळ (चिपजवळ) एक ठिपका बाकीच्यांच्या आधी कोरडा झाला. तिसऱ्यांदा पुन्हा तोच. भिंगाखाली बघितलं तर त्या कपॅसिटरच्या दोन टोकांमध्ये पांढऱ्या क्षाराची रेघ, केसाएवढी. घासून बघितली, शॉर्ट गेला नाही, आतूनच फुटला असणार. काढून टाकला. तो पाणीपुरवठ्याच्या टाकीसारखा असतो, लाईनमध्ये असे बरेच. एक नसला तर चालतं.

करंट शून्य. बटणाच्या पिना चिमट्याने जोडल्या आणि काटा हलला: थोडा, जास्त, कमी, जास्त. पोरगा म्हणाला "बूट ली ऱ्हायना". आम्ही दोघं त्या काट्याकडे असे बघत होतो जसं कोणी कुस्ती बघतंय.

२६ जुलै

जळगावला गेलो होतो, मुलीच्या कॉलेजच्या कामाला. गोलाणी मार्केटमधून सीसी बोर्ड (चार्जिंगचं भोक असलेली छोटी पट्टी) आणि बॅटरी आणली. जुनी सीसी पट्टी खतानेच खाल्ली होती, पिना काळ्या. जुनी बॅटरी थोडी फुगलेली, अडीच व्होल्टवर पडलेली. ती चार्ज करून बघायचा मोह होतो, करू नये. वाळूच्या डब्यात बंद केली. दुकानातल्या भंगारात टाकली असती आणि भंगारवाल्याने हातोडा घातला असता तर जाळ.

२७ जुलै

सगळं जोडलं. कंपनीचं चिन्ह आलं. काकूंनी फोनवर विचारलं, देवाजवळ ठेवू का?

इतक्यात नको म्हटलं, कारण टच मेला आहे. स्क्रीन दिसतो, डाव्या अंगाला दोन हिरव्या उभ्या रेघा, पण बोटाला दाद नाही. पिन टाकणार कसा? उपाय सोपा निघाला: ओटीजीची पिन (फोनला यूएसबीची वस्तू जोडायचा तुकडा) लावून संगणकाचा माउस जोडला. स्क्रीनवर बाण उगवला. नाना म्हणाले, आता पिन. त्यांचा पिन म्हणजे शेताचा गट नंबर आणि पुढे एक शून्य. (हे इथे लिहिलं म्हणून आजच बदलायला लावला.)

माइक मुका, पुढच्या कॅमेऱ्यात धुकं. मागचा कॅमेरा ठीक, सिम घेतो, नेटवर्क दोन दांड्या.

२८ जुलै

ओटीजीच्या हबवर माउस आणि पेनड्राइव्ह दोन्ही लावून फोटो उतरवले. ३७ चिठ्ठ्या मिळाल्या. नातवाचे फोटो नऊशे, त्यात खुद्द नातू साधारण अर्ध्यांत, बाकीच्यांत बोट.

चिठ्ठ्या वहीत उतरवताना नानांच्या आकड्यात आणि व्यापाऱ्याने दिलेल्या हिशोबात तीन गाड्यांचा मिळून ४ क्विंटल २० किलोचा फरक दिसला. चुकून असेल, मुद्दाम असेल, मी त्यात पडत नाही. छापून नानांच्या हातात दिलं. जाऊन आले. "पोळ्यानंतर बघू" असं उत्तर मिळालं.

माझ्या लेखी काम इथे संपलं होतं. पण बॅटरी आणि सीसी बोर्ड यांवर खर्च झालेला, आणि फोन नानांना नको. त्यांनी नवा घेतला, आणि या वेळी वरच्या खिशात नाही, बंडीच्या आतल्या खिशात.

३ ऑगस्ट

कानबाई, आमच्या खानदेशातला श्रावणातला देवीचा सण. सगळं भाऊबंद नानांच्या घरी. रोट, पुरण, रात्रभर जागरण. काम नाही, पण बोलण्यातून काम निघालं. रात्री बारानंतर अंगणात बसलो होतो तर तीन वेळा नाना उठून रस्त्यापर्यंत गेले, शेताच्या बाजूला बघून आले. पंपघराचा दिवा लागला का. ऑटो स्टार्टर आहे, लाईट आली की मोटार आपोआप सुरू होते, पण व्हॉल्व्ह कोण फिरवणार? एकाच वाफ्याला सहा तास पाणी गेलं तर निम्मी केळी तहानलेली आणि निम्मी पाण्यात. म्हणून आठवडाभर रात्रपाळी असली की माणूस झोपेत अर्धा जागा. त्या अर्ध्या झोपेतच फोन टाकीत पडला होता.

तर फोननेच सांगावं, लाईट आली म्हणून. मोबाईलवर चालणारे स्टार्टर बाजारात मिळतात, ठाऊक आहे. पण हा फोन फुकट पडलाय आणि मला खाज आहे.

६ ऑगस्ट

मॅक्रोड्रॉइड नावाचं अ‍ॅप टाकलं. त्यात साखळी बांधता येते: अमुक घडलं की तमुक कर. माझी साखळी: चार्जरला वीज आली, दोन मिनिटं थांब (लाईट येते-जाते करते), अजून वीज आहे का बघ, असेल तर नानांना फोन लाव. मेसेज नको. नानांना रात्री चष्मा सापडत नाही. नुसती घंटी वाजली की कळलं. माइक मुका असल्याचं आता दुःखही नाही.

अडचण विजेची. शेतावर तीन फेज (विजेच्या तीन जिवंत तारा) असतानाच मोटार चालते, पण कधी कधी एकच फेज जिवंत असते. चार्जर एका फेजवर असेल तर तो खोटं बोलेल आणि नाना रात्री दीडला विनाकारण शेतात. यावर उत्तर माझ्याच धंद्यात पडलेलं: सिंगल फेज प्रिव्हेंटर. तिन्ही फेज नीट असतील तरच त्याचा कॉन्टॅक्ट जुळतो. चार्जरची वाट त्या कॉन्टॅक्टमधून नेली.

८ ऑगस्ट

चार्जर जळाला. चूक पूर्ण माझी. शेतावर न्यूट्रल (वीज परत जायची तार) नव्हताच, पंपघराचा बल्ब एक फेज आणि अर्थिंगवर चालतो, सगळीकडे तेच करतात आणि मीही बल्बला लावलंय तसंच लावलं. ही सवय जिवावर बेतणारी आहे हे गिऱ्हाइकाला सांगतो, स्वतः विसरलो. अर्थिंगची तार खड्ड्याजवळ सुटली होती, काय व्होल्टेज चढलं देवास ठाऊक. फोन वाचला, कारण चार्जर आधी मेला. बल्बसुद्धा आज सोडवून टाकला.

११ ऑगस्ट

न्यूट्रलच नको असा रस्ता: दोन फेजमध्ये बसणारा ट्रान्सफॉर्मर स्वतः भरला. जुन्या स्टॅबिलायझरचा एक चौरस इंच गाभा. व्होल्टाला सात वेढे धरले. ४४० ला ३,०८० वेढे, ३८ नंबर तार. १२ व्होल्टाला ८४ आणि गळतीसाठी आठ जादा, २२ नंबर तार. हाताने मोजत मोजत हजारावर गेलो तेव्हा पोरगा चहा घेऊन आला आणि आकडा चुकला. पुन्हा. हे असं काम आता कोणी करत नाही, तयार मिळतं, पण आठवडाभर मोबाईलच्या खसखशीत डोळे घातल्यावर जाड तार हातात घेऊन बरं वाटलं.

वार्निश, भट्टी, मग चार डायोड, १,००० मायक्रोफॅरडचा ३५ व्होल्टचा कपॅसिटर, आणि पुढे गाडीत लावायचा मोबाईल चार्जर. त्याला बारा ते चोवीस काहीही चालतं, म्हणून रात्री दोन फेजमध्ये ४८० झाले तरी हरकत नाही.

बॅटरीचंही आपोआप जमलं. फोन चोवीस तास चार्जरवर राहिला असता तर फुगला असता. इथे लाईट आठ तास, बाकी सोळा तास फोन स्क्रीन बंद करून निवांत पडलेला.

१७ ऑगस्ट

पंपघरात बसवलं. लाकडी पेटी, उत्तरेच्या भिंतीला, पत्र्यापासून हातभर खाली, जाळी लावलेली भोकं, कारण पाली. पेटीला मुद्दाम गंजकं कुलूप, वर "फ्यूज" असं लिहून. केबल चोरीला जाते तिथे फोन किती दिवस राहील याचा भरवसा नाही. एप्रिल-मेमध्ये काढून घरी आणायचा आहे. आपल्या पत्र्याच्या खोलीत मेच्या दुपारी लिथियमची बॅटरी ठेवणं म्हणजे विस्तवाशी खेळ.

महिन्याचं रिचार्ज लागतंच, ते नानांनी कुरकुरत मान्य केलं.

२० ऑगस्ट

दोन रात्री घंटी आली, एकदा खरी. दुसऱ्यांदा लाईट येऊन अडीच मिनिटांत गेली. थांबायची वेळ दोनवरून पाच मिनिटं केली.

काकूंची वेगळी तक्रार. नाना घंटी आली की फोन उचलतात आणि बोलतात. रात्री एकला, "हॅलो, कोन बोली ऱ्हायनं?" समोर पंपघर, ते काय बोलणार. तिकडून मोटारीची घरघर येईल असं त्यांना वाटत होतं. माइक मेलाय हे समजावून सांगितलं. मग म्हणाले, बसव ना नवा माइक, मोटार चालू झाली की नाही ते कानाने कळेल.

त्यात तथ्य आहे. मोटारीच्या आवाजावरून पाणी ओढते की नुसती फिरते हे मलाही कळतं.

२४ ऑगस्ट

पोळा परवा झाला. व्यापाऱ्याकडे नाना काल जाऊन आले, अर्धे दिले, उरलेले गणपतीत म्हणाला. छापलेल्या चिठ्ठ्या त्याने ठेवून घेतल्या. पेनड्राइव्ह माझ्या गल्ल्यात आहे.

माइक गोलाणीवरून मागवला, पंचवीस रुपयांचा. दुपारी नाना दुकानातच बसले होते, मी एक जळालेली मोटार सोलत होतो. त्यांचा नवा फोन वाजला. या वेळी त्यांनी उचलला नाही. वाजू दिला, पूर्ण, बंद होईपर्यंत.

"उनी रे लाईट," म्हणाले, आणि चप्पल शोधू लागले.